विमलताईंची बाज

विमलताई प्लॉट बघायला निघाल्या की पुढे त्यांची स्कूटी आणि मागे एक टमटम असायची. त्या टमटमवर उताणी टाकलेली सुंभाची बाज. आमच्या कडा गावात नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, कोणाचं तरी बिऱ्हाड चाललंय. जुन्या माणसाला कळायचं, कोणीतरी घर बांधायला काढलंय.

प्लॉटवर पोचल्या की त्या बाज उतरवून घ्यायच्या, मधोमध टाकायच्या, चपला काढून आडव्या व्हायच्या आणि तोंडावर छत्री धरायच्या. पन्नाशी ओलांडलेली, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, पदर कमरेला खोचलेली बाई भर दुपारी मोकळ्या जागेत बाज टाकून पडलीय, हे आमच्या गावानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काही दिवस दुसरा विषयच नव्हता. कोणी म्हणे ऊन लागलंय, कोणी म्हणे अंगात येतं. पण विमलताई झोपलेल्या नसायच्या. छत्रीखाली डोळे टक्क उघडे असायचे. जे घर अजून नाही त्यात त्या हिंडत असायच्या. मालक बिचारा शेजारी अवघडून उभा. त्याच्या खिशात कुठल्यातरी बंगल्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि तो कधी दाखवू असं त्याला झालेलं. बऱ्याच वेळानं छत्रीखालून प्रश्न यायचा, "हितं काय झालं तर कोण बघंल?"

माझ्या प्लॉटवरही हाच प्रश्न आला. मी गणिताचा मास्तर. प्रश्नाला उत्तर द्यायची सवय, म्हणून म्हणालो, "काय होणार आहे इथं?"

"सर, कायबी न्हाई होणार. पण झालंच तर?"

मला सहा फूट भिंत हवी होती, वर काचा खोचलेली. आष्टीला माझ्या मेहुण्यानं तशी बांधली होती, आणि दर दिवाळीला आम्हाला ती ओवाळणीसारखी दाखवली जायची. विमलताईंनी माझी भिंत कमरेएवढी केली. बसलेल्या माणसाला रस्त्यावरचा उभा माणूस दिसला पाहिजे आणि रस्त्यावरच्याला घरातला, हा त्यांचा हिशेब. स्वयंपाकघर मागे होतं, ते ओढून पुढे आणलं आणि त्याला रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी दिली. दारापुढे ओटा, आणि ओट्यावर दोन माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी सावली. मी कुरकुरलो, "ताई, म्हणजे आमच्या घरात रोज काय शिजतंय हे गावाला कळणार."

"कळू द्या. जे घर गावाला म्हाईत हाय, तिथं चोराला लई जड जातंय."

आमची मंडळी, म्हणजे सुनंदा, त्या दिवसापासून विमलताईंच्या पक्षाला जाऊन मिळाली. त्या खिडकीतून रस्त्याचा सगळा कारभार चालतो आता. कोणाची म्हैस सुटली, कोणाकडे पाहुणे आले, कोणाचं पोरगं शाळा बुडवून हिंडतंय, सगळं तिला आधी कळतं. मला शाळेत हजेरी घ्यायची गरजच उरली नाही म्हटलं तरी चालेल.

मेहुण्याची भिंत काही वर्षं ऐटीत उभी राहिली. मग एकदा सगळं घर लग्नासाठी बीडला गेलं असताना चोर आले. तेही दिवसाढवळ्या. भिंतीवर गोणपाट टाकून आत उतरले आणि एकदा उतरल्यावर त्यांना कसली घाई? भिंतीनं त्यांना सगळ्या गावापासून झाकून ठेवलं होतं. त्यांनी कपाटं सावकाश उघडली, चहा केला आणि जाताना कप विसळून पालथे घालून गेले. मेहुण्याची बायको रडता रडता त्या पालथ्या कपांकडे बघत होती. तेवढी शिस्त त्या घरात तिनं पहिल्यांदाच पाहिली असावी. मी हे विमलताईंना सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरीबाळी घरात नव्हत्या ना? मग झालं."

त्यांचं असं होतं. त्यांना दागिन्यांच्या चोरीचं फारसं काही वाटत नसे. दुसरीच कसली तरी चोरी त्यांच्या डोळ्यांपुढे असायची. ती कोणती, हे मला फार उशिरा कळलं.

त्या राहायच्या आमच्या समोरच, एकट्या. घराला मोठाल्या खिडक्या. दार दिवसभर उघडं. मनगटाला रबरबँड, तोंडात बडीशेप, आणि बोलताना समोरच्या माणसाच्या खांद्यावरून पलीकडे बघायची सवय. आधी मला तो आगाऊपणा वाटायचा. नंतर लक्षात आलं, त्या समोरच्याच्या पाठीमागचं दार बघत असतात. जेवायला बसल्या तरी तोंड रस्त्याकडे. नवीन नकाशा दिला की मालकाला सांगायच्या, "आता डोळं मिटा अन् घरातनं हिंडा. कुठं भ्या वाटतंय ते सांगा." घाटावरचे टगे गडी डोळे मिटून, हात पुढे करून त्यांच्या ओसरीत चाचपडत फिरायचे. आम्ही खिडकीतून बघायचो. हसू यायचं, पण त्या गड्यांच्या चेहऱ्यांवर मधेच काहीतरी सावली येऊन जायची, आणि ते खरंच एखाद्या जागी थांबायचे. "हितं, बाई. न्हाणीच्या मागं." मग विमलताई तिथं पेन्सिलनं एक झरोका काढायच्या.

एकदा मी त्यांची थट्टा केली. "ताई, गावातल्या सगळ्या प्लॉटांवर पडून झालं तुमचं. एखादी डुलकी तरी काढायची."

"मला उजेडात झोप येत न्हाई, सर. ल्हानपणापासून."

आम्ही ओट्यावर बसलो होतो. समोरच्या लिंबातून ऊन गळत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अशा दुपारी कड्याचा रस्ता पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो. त्या त्याच्याकडे बघत बोलत राहिल्या, अगदी हलक्या आवाजात.

त्यांचं घर गावाच्या टोकाला होतं. पाठ रस्त्याकडे, दार शिवाराकडे. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे. घरी आजी, थोरली बहीण कमल आणि विमल. आजीला ऐकू येत नव्हतं. रात्री बहिणी आजीच्या दोन्ही अंगाला झोपायच्या. दुपारी पाळी लावायच्या. कमल निजली की विमल जागी, विमल निजली की कमल. "एका दुपारी माझी पाळी व्हती. भाइरनं कडी वाजली. कुणी हाक मारली न्हाई, नाव सांगितलं न्हाई. नुसती कडी हालवून बघितली, आन् पुन्यांदा हालवली. मी वरडले. कमल उठून वरडली. सर, आमचं वरडणं जायला कुठं दारच नव्हतं. एका बी घराचं तोंड आमच्याकडं नव्हतं."

"मग?"

"मग कायबी न्हाई. जो व्हता तो गेला. पण आईबापाला कळलं. कारखान्यावरनं आले आन् पंध्रा दिवसात कमलचं लगीन लावून दिलं. सातवीत व्हती. माझ्यापेक्षा हुशार व्हती ती. नुसती कडी वाजली, सर. तेवढ्यावर तिचा सगळा जन्म गेला."

मी सुनंदाला चहा ठेवायला सांगितलं.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी माळावरच्या वस्तीचं काम निघालं. वस्ती सगळी ऊसतोड्यांची. कुडाच्या घरांच्या जागी घरकुलं मंजूर झाली होती आणि ती कशी बसवायची हे ठरवायला ग्रामपंचायतीनं विमलताईंना बोलावलं. त्यांनी बाज नेली आणि चांगले तीन-चार दिवस तिथं पडून काढले. आधीच्या आखणीत घरं एका रांगेत होती, सगळ्यांची तोंडं डांबरी रस्त्याकडे, आणि संडास मागच्या बोळीत. सभ्य लोक ठेवतात तसे, नजरेआड. विमलताईंनी घरं समोरासमोर फिरवली, मधे एक मोठं सामाईक अंगण ठेवलं आणि संडास उचलून अंगणाच्या तोंडाशी, दिव्याखाली आणले.

समाजमंदिरात बैठक बसली आणि जे व्हायचं ते झालं. मी शिकलेला माणूस म्हणून मला खुर्ची मिळाली होती. एक म्हातारा उठला. "बाई, जेवताना समोर संडास? पावना आला तर त्याला काय दाखवावं?" माणसं हसली. बायांनी पदर तोंडाला लावले. दशरथ म्हणून एक तोडकरी होता, उंच, अबोल. तोसुद्धा म्हणाला, "लाज वाटंल, बाई. मागंच बरं."

विमलताईंनी भांडण केलं नाही. मागे भिंतीला टेकून पोरी उभ्या होत्या, त्यांना विचारलं, "तुमी सांगा गं. दिवेलागणीनंतर बोळीत जाता का?"

पोरी एकमेकींना ढकलू लागल्या. त्यांत दशरथची रेखा होती, माझ्याच वर्गातली, नववीची. बीजगणितात कोणाला ऐकायची नाही अशी. ती फळ्यापुढं बोलते तेवढीच सरळ बोलली. "आमी जात न्हाई. दिस मावळल्यावर आमी पाणीच पीत न्हाई."

दशरथ आपल्या पोरीकडे असा बघत होता, जणू ही गोष्ट आपल्या घरात रोज घडते हे त्याला आत्ताच कळलंय. संडास पुढं आले.

आता विमलताईंची फजिती सांगायला हवी, नाहीतर त्या वर बसून माझ्यावर रागावतील. घरं झाली, अंगण झालं. अंगणात त्यांनी हौसेनं फरशी घातली, सिमेंटचे बाक केले. म्हातारीकोतारी इथं बसतील, सगळ्या दारांवर त्यांचं लक्ष राहील, असं त्यांचं स्वप्न. पण तिथं काळं कुत्रं बसेना. सगळी जुनी खोडं मारुतीच्या देवळामागं जाऊन बसायची. विमलताई रोज जाऊन रिकाम्या अंगणाकडे बघायच्या आणि घरी येऊन सुनंदाशी धड बोलायच्या नाहीत. शेवटी रेखाची आजी, सोनाबाई, हिनंच तोंड फोडलं. "बाई, तुमी लई भारी केलंय. पण बुडाला चटका बसतोय."

विमलताई आधी कावऱ्याबावऱ्या झाल्या, मग इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीभर पाचट मागवलं, उसाचा वाळलेला पाला, आणि अंगणावर मांडव घातला. खाली फरशीच्या कडेनं माती टाकून लिंबाची रोपं लावली. पाचटाचा तो वास आला आणि म्हातारी माणसं हळूहळू, वासानं ओढल्यासारखी गोळा झाली. जन्मभर तोडीवर याच पाल्याच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहिलेली माणसं. सूप आलं, निवडायचं धान्य आलं, पानाची चंची आली. संध्याकाळी मी तिथून जायचो तेव्हा मांडवातून उन्हाच्या बारीक रेघा खाली यायच्या, त्यांत धूळ तरंगायची, आणि म्हाताऱ्या अर्ध्या झोपेत असल्यासारख्या बोलत असायच्या. एकमेकींकडे न बघता, सगळ्या दारांकडे बघत.

रेखा दहावीत गेली आणि दसऱ्याच्या आधी तिच्यासाठी स्थळ आलं. पाटोद्याकडचं. मला कळलं तसा मी दशरथकडे गेलो, कायदा सांगितला, वय सांगितलं, तिचे मार्क सांगितले. तो शांतपणे ऐकत राहिला. "सर, तुमचं समदं खरं हाय. पण सा महिने आमी तिकडं कारखान्यावर. म्हातारीला रातचं दिसत न्हाई. कायदा ऱ्हातोय का आमच्या घरी सा महिने?"

मी विमलताईंना सांगितलं. त्यांनी टमटमवाल्याला फोन केला, आणि दिवस कलताना बाज वस्तीच्या अंगणात येऊन पडली.

"दशरथ, पड हितं."

"मी? कावून?"

"पड तर. बोलू नको कुणाशी."

तो गडी लाजत, इकडेतिकडे बघत आडवा झाला. पाय बाजेच्या बाहेर. विमलताई आणि मी सोनाबाईच्या उंबऱ्यात बसलो. थोडा वेळ काही झालं नाही. कोंबड्या फिरत होत्या, कुठंतरी भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मग समोरच्या दारातून हाक आली, "का रं दशरथा, ताप हाय का?" तो बोलला नाही. दुसऱ्या दारातून, "आरं, जेवला का न्हाई?" तिसऱ्या घरातली म्हातारी काठी टेकत तांब्या घेऊन आली आणि तिनं सरळ त्याच्या कपाळावर हात ठेवला. तिच्या मागून आणखी कोणी आली. कोणी म्हणे दृष्ट काढा, कोणी म्हणे बायकोशी भांडला असंल. दशरथ वैतागून उठून बसला.

"बाई, पडू बी देईनात ह्या!"

"मग पोरीला तरी देतील का कुणाला हात लावू?" विमलताई म्हणाल्या. "एक साल दे मला, दशरथ. फक्त एक साल."

तो उठून घरात गेला. सोनाबाई नातीच्या केसांवरून हात फिरवत बसली. मी त्या रात्री नीट जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी दशरथ शाळेच्या फाटकाशी आला, टोपी हातात घेऊन. "सर, पोरीचं नाव ऱ्हाऊ द्या हजेरीत."

ऊसतोडीच्या गाड्या निघायचा दिवस आला. वस्तीत जुनी पद्धत होती, जाताना बंद दाराला बाभळीची काटी लावायची, म्हणजे जनावर आत जात नाही. विमलताई सकाळपासून दारोदार फिरून काट्या काढून टाकत होत्या. "ही काटी म्हंजी दवंडी हाय. घरात कुणी न्हाई, या म्हणून." बाया विचारात पडल्या. मग सोनाबाईनंच तोड काढली. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांनी दारं वाटून घेतली. रोज सकाळी प्रत्येक बंद दारापुढेही सडा पडायचा, रांगोळीची चार बोटं ओढली जायची, तुळशीला पाणी जायचं. हिवाळ्याच्या धुक्यात मी एकदा तिथून गेलो तर मलाही कळेना, कोणतं घर भरलेलं आणि कोणतं रिकामं. सगळी वस्तीच आत्ता उठून अंगणात येईल असं वाटत होतं. विमलताई माझ्या शेजारी उभ्या होत्या, शाल डोक्यावरून घेऊन. "दिसतंय का, सर? गेलेत तरी हायेत."

मधे एकदा भरदुपारी एक मोटारसायकलवाला अंगणात शिरला. रेखा अभ्यास करत बसलेली, तिच्या दाराशी जाऊन पाणी मागू लागला. ती काही बोलायच्या आत मांडवातून प्रश्न सुरू झाले. कोणाचा रं तू? कुठल्या गावचा? कोणाकडं आलास? मामा कोण तुझा? आमच्या म्हाताऱ्यांच्या चौकशीपुढं पोलीस परवडले. पाणी मिळालं त्याला, सोनाबाईच्या हातून, पण ते संपवायला तो थांबला नाही. रेखानं मला हे वर्गात सांगितलं तेव्हा ती हसत होती. विमलताईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि किती तरी वेळ हाताच्या रबरबँडशी खेळत राहिल्या.

त्याच वर्षी पावसाळ्यात विमलताई गेल्या. हृदयाचं दुखणं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सकाळी दार उघडलं नाही आणि सुनंदाला आमच्या खिडकीतून ते लगेच दिसलं. आता समोरचं घर बंद असतं. सुनंदा रोज तिथं सडा टाकते.

पण मला त्या आठवतात त्या मार्चमधल्या. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी संध्याकाळी मी वस्तीवर गेलो. गणिताच्या पेपरचं तर मला आधीच कळलं होतं, तरी गेलो. अंगणात दिवे लागायच्या बेतात होते. मांडवाखाली बाज होती आणि बाजेवर विमलताई. छत्री खाली पडलेली. मी जवळ जाऊन बोलणार, तेवढ्यात लक्षात आलं की त्यांचे डोळे मिटलेत. तोंड किंचित उघडं, हात सैल. घोरत होत्या.

तिन्हीसांजेला निजलेल्या माणसाला आमच्याकडे कोणी निजू देत नाही. लक्ष्मीची वेळ असते. तापानं फणफणलेल्या लेकरालासुद्धा या म्हाताऱ्या त्या वेळी उठवून बसवतात. मी सोनाबाईकडे पाहिलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू द्या, सर. आमी हावोत बघायला."

सगळ्या म्हाताऱ्या बाजेभोवती बसल्या होत्या, कोणी बोलत नव्हती. दारातून रेखा आली, हातात तांब्या. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, पेपर चांगला गेला म्हणून. मग अंगणात उभी राहून तिनं वरून धार धरली आणि तांब्याभर पाणी गटागटा पिऊन टाकलं.